न भरणारी जखम, झडणारी आयाळ, सोलणारं नाक: एकाच पागेतले तीन आजार

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुमच्या पागेत तीन जनावरं आहेत. कुमैत (तांबूस-तपकिरी) मारवाडी घोडीच्या मागच्या पायाला खुराच्या वर आषाढात तारेने कापलं. दोन महिने झाले तरी जखम भरत नाही, लाल मांस फुगून वर आलंय आणि त्यातून पिवळे खडे निघतात. भीमथडी तट्टाची आयाळ आणि शेपूट झडली आहे. लग्नाच्या वरातीत चालणाऱ्या नुकरा (जन्मतः पांढऱ्या) घोडीच्या नाकाची आणि डोळ्यांभोवतीची कातडी सोलली जातेय. तिघांना एकच मलम लावून झालं, अधूनमधून जळकं ऑईलही लावलं. तुम्ही विचारता, एकाचा रोग दुसऱ्याला लागला का?

तुम्ही पाठवलेले फोटो आणि वर्णन पाहता मला तसं वाटत नाही. हे तीन वेगळे आजार दिसतात. एक माशीतून किंवा साचलेल्या पाण्यातून आला असावा, दुसरा चाऱ्यातून आणि तिसरा बहुधा यकृतातून. तिन्ही कातडीवर दिसतात म्हणून औषध एक होत नाही. घोड्याच्या त्वचेचा कुठलाही विचित्र प्रकार समोर आला की मी मलमाच्या आधी चार गोष्टी विचारतो: अंगावर नेमकं कुठे आहे, वर्षाच्या कोणत्या महिन्यात सुरू झालं, खाज आहे का, आणि फक्त पांढऱ्या भागावर आहे की काळ्या भागावरही. या चार उत्तरांत अर्धं निदान होतं.

जळकं ऑईल मात्र आजपासून बंद करा. त्याने माश्या थोडा वेळ दूर राहतात हे खरं, पण कातडी भाजते, नवी कातडी धरत नाही, आणि घोडा ते चाटतो. त्यात इंजिनातले धातूही असतात. गोचिडांसाठी गाईम्हशींवर फवारतात ते अमिट्राझही घोड्याला कधी लावू नका. त्याने घोड्याच्या आतड्याची हालचाल मंदावते, लीद अडकते आणि जिवावरचं पोटदुखीचं दुखणं होतं. गोठा आणि पागा शेजारी असतात, डबा एकच असतो, आणि अशा घरांत हा अपघात होतो. म्हणून हे आधीच सांगतोय.

आता कुमैत घोडी. तिची काळजी मला सगळ्यात जास्त वाटते.

पावसाळ्यात पायावर न भरणारी, खाजणारी, पिवळे कण टाकणारी जखम म्हटली की आपल्याकडचे जुने घोडेवाले ‘बरसाती’ म्हणून मोकळे होतात. पण या नावाखाली निदान दोन वेगळे आजार येतात. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या घोडदळाच्या इंग्रज पशुवैद्यांनीही याच नावाने या जखमांची वर्णनं लिहिली आहेत, आणि कारण बुरशीचं की जंताचं यावर पुढे बराच काळ वाद चालला. दोन्ही बाजू आपापल्या परीने बरोबर होत्या, कारण दोन्ही कारणं खरी आहेत.

पहिलं कारण हॅब्रोनेमा. हा जंत प्रौढ अवस्थेत घोड्याच्या जठरात राहतो आणि तिथे फारसा त्रास देत नाही. त्याची अंडी आणि अळ्या लिदीतून बाहेर पडतात. लिदीत माशीचे किडे वाढत असतात, ते या अळ्या गिळतात. किड्याची माशी होते तेव्हा हॅब्रोनेमाची अळी तिच्या सोंडेपर्यंत पोहोचलेली असते. अशी माशी घोड्याच्या ओठावर बसली तर अळी चाटून पोटात जाते आणि तिचं चक्र पूर्ण होतं. पण माशी ओल्या जखमेवर, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात किंवा नराच्या शिश्नाच्या आवरणावर बसली, तर अळी तिथेच उतरते. तिथे ती प्रौढ होऊ शकत नाही, नुसती फिरते आणि मरते. घोड्याचं शरीर तिच्याविरुद्ध जोरदार प्रतिक्रिया देतं. तीच ती लाल, खाजरी, दाणेदार गाठ. आतले पिवळे कण म्हणजे मेलेल्या अळ्यांभोवतीचा घट्ट झालेला, चुना धरलेला भाग. हे कण लहान असतात, साधारण तांदळाच्या कणीएवढे. थंडी पडली, माश्या कमी झाल्या की जखम आपोआप बसते, आणि पुढच्या पावसाळ्यात तिथेच पुन्हा उठू शकते.

दुसरं कारण पिथियम. याला सगळे बुरशी म्हणतात, पण तो खऱ्या बुरशीच्या कुळातला नाही. पाण्यात राहणाऱ्या, शेवाळाला जवळच्या जिवांच्या गटातला तो आहे. डबक्यात, भातखाचरात, तळ्याच्या काठच्या गाळात त्याचे पोहणारे बीजाणू असतात. पायाला किंवा पोटाखाली खरचटलेली जागा घेऊन घोडा त्या पाण्यात उभा राहिला की ते तिथे चिकटतात. ही जखम झपाट्याने वाढते, आठवड्या-दोन आठवड्यांत फरक डोळ्यांना दिसतो. तिच्यातून चिकट, तार धरणारा, रक्तमिश्रित स्राव गळतो. खाज इतकी की घोडा दातांनी स्वतःचं मांस ओरबाडतो. आणि आतून निघणारे खडे मोठे, खडबडीत, पोवळ्यासारख्या फांद्या फुटलेले असतात. बोटांनी दाबलं की ते सहज सुटून येतात.

तुमच्या घोडीचे खडे ‘हरभऱ्याच्या डाळीएवढे आणि वेडेवाकडे’ असं तुम्ही लिहिलंय, आणि ती शेततळ्याच्या काठावर चरते असंही. मला हे वाचून पिथियमची शंका जास्त येते. फोटोवरून मी ठामपणे सांगणार नाही, पण हा फरक करायला उशीर परवडणारा नाही. हॅब्रोनेमाला आयव्हरमेक्टिन लागू पडतं. वजनाच्या दर किलोला २०० मायक्रोग्रॅम, तोंडावाटे. सोबत प्रतिक्रिया शमवायला डॉक्टरांच्या देखरेखीखाली स्टिरॉइड, जखम झाकणं आणि माश्यांचा बंदोबस्त. पिथियमवर आयव्हरमेक्टिनचा काही उपयोग नाही. बुरशीवरची नेहमीची औषधंही कमी पडतात, कारण त्यांपैकी बरीचशी बुरशीच्या आवरणातल्या अर्गोस्टेरॉल नावाच्या घटकावर काम करतात आणि पिथियममध्ये तो नसतोच. तिथे शस्त्रक्रिया हाच मुख्य उपाय: रोगट भाग कडेच्या निरोगी मांसासकट रुंद कापून काढणं. जोडीला आयोडाइडसारखी औषधं देतात. जखम लहान असताना केली तर घोडी वाचते. रोग हाडापर्यंत किंवा सांध्यापर्यंत गेला तर फार थोडं हाती उरतं. म्हणून ‘थंडी पडली की बसेल’ या भरवशावर थांबू नका.

याच जागी याच रूपात आणखी दोन गोष्टी येतात. एक म्हणजे नुसतं वाढलेलं मांस. गुडघ्याखालच्या जखमांना घोड्यात ही खोड असतेच. ते गुळगुळीत असतं, खाजत नाही, खडे टाकत नाही. दुसरी सारकॉइड, घोड्यातला सर्वाधिक आढळणारा त्वचेचा अर्बुद, म्हणजे ट्यूमर. त्यामागे गाईच्या चामखिळीचा विषाणू असतो. गाय त्यातून सहज बरी होते, पण घोड्यात तो कातडीच्या पेशींना वाढायला लावतो. गोठ्याशेजारच्या पागेत माश्या हा विषाणू जखमेवर आणून ठेवत असाव्यात असं मानलं जातं. सारकॉइडला अर्धवट छेडलं, दोऱ्याने बांधलं, मोरचुदाने जाळलं की ते बहुतेक वेळा दुप्पट जोराने परततं. जखमेला डाग देणारे, चुना भरणारे वैदू अजूनही जत्रांत भेटतात. तुमच्या घोडीला त्यांच्यापासून लांब ठेवा.

भीमथडी तट्टाचं सांगणं सोपं आहे, आणि मला ते सांगताना आनंदही होतो, कारण हा बरा होईल.

आयाळ-शेपूट गेली की पहिली शंका चिलटांची. क्युलिकॉइड्स नावाची ही बारीक चिलटं पहाटे आणि संध्याकाळी चावतात. काही घोड्यांना त्यांच्या लाळेची ॲलर्जी असते. असा घोडा खांबाला, झाडाला, दाराला आयाळ आणि शेपटीचं मूळ घासत राहतो, केस तुटून खुंट उरतात, कातडी जाड होऊन तिला घड्या पडतात. याचं गाजलेलं उदाहरण आइसलँडचं. त्या देशात ही चिलटं नव्हती, म्हणून तिथले घोडे युरोपात नेले की त्यांना हा आजार फार मोठ्या प्रमाणात होतो. लहानपणी ओळख न झालेल्या लाळेला त्यांचं शरीर टोकाची प्रतिक्रिया देतं. दुसरी शंका शेपटीच्या जंतांची. ते गुदद्वाराभोवती चिकट अंडी घालतात आणि घोडा फक्त शेपटीचं मूळ घासतो, आयाळ शाबूत राहते.

तुमच्या तट्टाला यातलं काहीच नाही. खाज नाही, कातडी स्वच्छ आहे, केस तुटलेले नसून मुळापासून निघून येतात, आणि खुरांवर आडव्या कडा उठल्यात. मग मी चाऱ्याचं विचारलं आणि तुम्ही सांगितलंत की गेल्या उन्हाळ्यापासून कडबा महाग झाला म्हणून शेळ्यांसाठी तोडलेली सुबाभूळ त्यालाही टाकता. कारण तिथेच आहे.

सुबाभळीच्या पाल्यात आणि शेंगांत मिमोसिन नावाचं द्रव्य असतं. ते केसांच्या मुळाशी चालणारी पेशींची वाढ थांबवतं. घोडा, गाढव, खेचर यांच्यात त्याचा पहिला परिणाम आयाळीवर आणि शेपटीवर दिसतो, नंतर खुरांवर. शेळ्या आणि गाई तोच पाला खाऊन धडधाकट राहतात, कारण चारा त्यांच्या पहिल्या पोटात आधी आंबतो आणि तिथले सवयीचे जिवाणू मिमोसिन आणि त्यापासून होणारी विषारी द्रव्यं मोडून टाकतात. घोड्याचा चारा आंबतो तो मागच्या मोठ्या आतड्यात, तोवर बरंच मिमोसिन रक्तात गेलेलं असतं. महाराष्ट्रात सुबाभूळ दुष्काळी भागाचा आधार म्हणून बांधाबांधावर लावली गेली आणि शेळीपालनाला तिने खरोखर हात दिला. ते झाड वाईट नाही, ते घोड्याचं खाणं नाही एवढंच.

पाला बंद करा. केस परत येतील, पण महिने लागतील. खुराला तर वरून खालपर्यंत नवं यायला जवळपास वर्ष जातं. तोवर नालबंदाला दर पाच-सहा आठवड्यांनी बोलवा, कारण त्या कडांशी खूर फुटतो. हेच लक्षण सेलेनियम जास्त झाल्यानेही दिसतं. पंजाबात होशियारपूर-नवांशहरच्या पट्ट्यात जमिनीतच ते जास्त आहे. तिकडून चारा येत नसेल तर तुम्हाला त्याची धास्ती नको. पण बाजारातली खनिज पावडर आणि सेलेनियमची इंजेक्शनं एकाच वेळी चालू असतील तर मला कळवा.

आता नुकरा घोडी. पांढऱ्या घोड्यांत दोन प्रकार आहेत आणि त्वचेच्या आजारांत हा फरक फार महत्त्वाचा. नुकरा जन्मतः पांढरा आणि कातडी गुलाबी. सब्जा जन्मतः गडद असतो, वय वाढेल तसा पांढरा होतो, पण कातडी काळीच राहते. सब्ज्याला ऊन भाजत नाही. त्याचं दुखणं वेगळं, उतारवयात शेपटीखाली आणि गुदद्वाराभोवती काळ्या गाठी येतात. पंधरा वर्षांच्या पुढच्या सब्ज्यांत या गाठी इतक्या सर्रास असतात की नसल्या तरच विशेष. बऱ्याच वर्षानुवर्षं शांत राहतात, पण त्या अर्बुदाच्याच आहेत, म्हणून वाढ बघत राहावी लागते.

नुकऱ्याला ऊन भाजतं. नुसतं ऊन असेल तर त्रास नाकावर आणि पापण्यांवर, उन्हाळ्यात, आणि छपराखाली ठेवलं की उतरतो. तुमच्या घोडीचं तसं नाही. तिचं सुरू झालं श्रावणात, ढगाळ हवेत. कपाळावरच्या काळ्या ठिपक्यापाशी येऊन सोलणं रेघ मारल्यासारखं थांबतं, आणि ती चंदी (दाणा) टाकून देते, सुस्त असते. हे मला यकृताकडे बोट दाखवणारं वाटतं.

त्याचं असं होतं. हिरव्या चाऱ्यातल्या हरितद्रव्यापासून आतड्यात फायलोएरिथ्रिन तयार होतं. निरोगी यकृत ते पित्तातून बाहेर टाकतं. यकृत दुखावलं की ते रक्तात साठतं आणि कातडीत पोहोचतं. तिथे उजेड पडला की ते आजूबाजूच्या पेशी जाळतं. काळ्या कातडीत उजेड आत शिरत नाही म्हणून ती वाचते. म्हणजे दिसतंय नाकावर, पण मूळ दुखणं पोटात आहे, आणि कितीही मलम लावलं तरी ते तिथवर पोहोचणार नाही. यकृत बिघडवणाऱ्या गोष्टी आपल्याकडे आसपासच असतात: बांधावरचा खुळखुळा वाळलेल्या गवतात कापून येतो, पावसात भिजलेल्या मक्यावर किंवा पेंडीवर बुरशी धरते, आणि टणटणी. टणटणीचा त्रास गुरांमध्ये जास्त नोंदलेला आहे, तरी उपाशी घोड्याला तिच्या झुडपांत सोडू नये.

रक्त तपासून घ्या. यकृतासाठी जीजीटी, एएसटी आणि पित्ताम्लं. तोवर तिला दिवसभर अंधाऱ्या जागेत ठेवा, बाहेर काढायचं तर सूर्य मावळल्यावर. हिरवा चारा थांबवा, चांगला वाळलेला कडबा द्या. डोळ्यांना जाळीचा मुखवटा बांधा. अहवाल येईपर्यंत तिला वरातीत नेऊ नका. दिव्यांच्या झोतापेक्षाही, ज्या घोडीचं यकृत धड नाही तिने ताशांच्या गजरात तासन्‌तास उभं राहणं मला योग्य वाटत नाही. अहवाल चांगला आला तर साधं उन्हाने भाजणं समजून नाकाला जस्ताचं पांढरं मलम आणि सावली. आणि गुलाबी पापणीवर कधीही न भरणारा व्रण दिसला तर वाट पाहू नका. त्या कातडीवर कर्करोग होतो, लहान असताना काढला तर डोळा वाचतो.

तुम्ही आणखी लिहिलंय की कुमैत घोडी सारंगखेड्याच्या बाजारात विकायचा विचार आहे. इथे मला स्पष्ट बोलावं लागेल. पायावरचा न भरणारा व्रण म्हटला की ग्लँडर्स हा घोड्यांचा संसर्गजन्य रोग वगळल्याशिवाय घोडं हलवू नये. त्याचा त्वचेचा प्रकार असतो: मागच्या पायाच्या आतल्या बाजूने मण्यांच्या माळेसारख्या गाठी ओळीने येतात, फुटतात, मधासारखा पिवळा चिकट पू गळतो. सोबत ताप, नाकातून स्राव, खंगत जाणं. तुमच्या घोडीची एकच जखम आहे, गाठींची ओळ नाही, म्हणून शक्यता कमी आहे. पण २००६ मध्ये हा रोग देशात पुन्हा डोकं वर काढताना आपल्याच राज्यात दिसला होता. तो माणसाला होतो आणि उपचार न झाल्यास बहुधा मारतो. २००९ च्या प्राणी संसर्गजन्य रोग कायद्याखाली शंका आली तरी कळवणं बंधनकारक आहे. तपासणी सरकारी दवाखान्यातून रक्त पाठवून होते, खात्रीसाठी हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे. पॉझिटिव्ह जनावरावर उपचार करत नाहीत, त्याला मारावं लागतं, मालकाला भरपाईची तरतूद आहे. हे ऐकायला कठीण जातं, मला माहीत आहे. पण रक्ताची तपासणी टाळून जनावर जत्रेत नेलं तर शेकडो घोडी आणि त्यांची माणसं धोक्यात येतात.

बाकीचे दोन-तीन प्रकार तुम्ही ओझरते विचारलेत, तेही सांगतो. पाठीवर पावसानंतर येणाऱ्या खपल्या, ज्या उचलल्या की केसांचा झुबका ब्रशसारखा हातात येतो, तो डर्मॅटोफिलस नावाचा जिवाणू. माथेरान, महाबळेश्वरच्या पावसात उभ्या राहणाऱ्या घोड्यांना तो ठरलेला. खपल्या भिजवून काढायच्या, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने धुवायचं आणि मुख्य म्हणजे अंग कोरडं ठेवायचं. ओली झूल टाकून ठेवणं हेच त्याचं खतपाणी. गोल केस गेलेले चट्टे, तंगाच्या (खोगिराच्या पट्ट्याच्या) जागी सुरू झालेले, म्हणजे गजकर्ण. तो खरोखर एकाचा दुसऱ्याला लागतो आणि घोड्याची निगा राखणाऱ्या मोतद्दारालाही. खरारा, तंग, झूल प्रत्येक घोड्याची वेगळी हवी.

अंगावर एकाएकी गांध्या उठल्या तर बहुतेक वेळा नवा चारा किंवा इंजेक्शन कारण असतं. पण गांध्यांसोबत येऊन-जाऊन ताप आणि पोटाखाली सूज असेल तर सर्रा समजून रक्ताची काच तपासा. गोमाशीतून पसरणाऱ्या या रोगाचा परजीवी ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० मध्ये पंजाबातल्या घोड्या-उंटांच्या रक्तातच प्रथम पाहिला. आणि उन्हाळ्यात मानेवर, खांद्यावर छोट्या गाठी येऊन फुटतात, रक्ताचे ओघळ येतात आणि जखम काही तासांत मिटते, ते पॅराफायलेरिया जंताचं काम. रक्ताचा घाम गाळणाऱ्या, मध्य आशियातल्या फरगाण्याच्या घोड्यांच्या चिनी वर्णनांमागे हाच जंत असावा असा एक तर्क आहे. दिसायला भीतिदायक, पण घोडा सहसा धडधाकट असतो. म्हातारा घोडा भर वैशाखात लांब, कुरळे केस घेऊन उभा असेल तर मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीची तपासणी करा, नुसते केस कापून भागत नाही.

आता या आठवड्यात करायचं ते क्रमाने. आधी तिघांचं रक्त ग्लँडर्ससाठी द्या, तोवर कुमैत घोडीची जखम हातमोज्यांशिवाय हाताळू नका आणि तिची बादली वेगळी ठेवा. तो अहवाल निगेटिव्ह आला की त्याच आठवड्यात जखमेची बायोप्सी. डॉक्टरांना सांगा, वरवरचं लाल मांस नको, कडेच्या निरोगी कातडीसकट खोल तुकडा हवा, निदान दोन-तीन ठिकाणचा. एक तुकडा दहा टक्के फॉर्मेलिनमध्ये आणि एक निर्जंतुक सलाईनने भिजवलेल्या गॉजमध्ये, सोबत चार-पाच खडे. दुसरा तुकडा बर्फात गोठवू नका, पिथियम त्याने मरतो आणि प्रयोगशाळेत काहीच उगवत नाही. नमुने पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात, किंवा परळ अथवा शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात पोहोचवता येतील. आधी फोन करून विचारा आणि चिठ्ठीवर ‘पिथियम आणि हॅब्रोनेमा दोन्ही पाहा’ असं स्पष्ट लिहायला सांगा. तसं लिहिलं नाही तर खास रंग वापरून काच पाहिली जाईलच असं नाही, आणि पिथियम साध्या रंगात सहज निसटतो.